रुपरावांचा नमुना फॉर्म

रुपराव भोयरांच्या हातचा फॉर्म परत आला, असं हुडकेश्वरात कोणी सांगितलं तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्याच कपाळाला हात लावून ताप पाहील! चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढून, हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेला माणूस. रेशनकार्ड असो, पासपोर्ट असो, कोणाच्या नातवाचा शाळाप्रवेश असो, लोक कोरा फॉर्म घेऊन यायचे आणि रुपराव चष्मा पुसत म्हणायचे, "बसा! एक रकाना रिकामा सोडणार नाही!" रिकामा रकाना दिसला की त्यांना अन्न गोड लागत नसे.

त्यामुळे समाजाच्या वधू-वर मेळाव्याचा फॉर्म यंदापासून ऑनलाइन करायचं ठरलं, तेव्हा कमिटीच्या बैठकीत सगळ्यांच्या माना आपोआप त्यांच्याकडे वळल्या.

"लोकायले जमन काय जी?" अध्यक्षांनी काळजीनं विचारलं.

"माह्यावर सोडा!" रुपराव उभेच राहिले. "मी घरी कॉम्प्युटरवर एक फॉर्म भरतो आणि भरताभरता त्याच स्क्रीनचा व्हिडिओ काढतो. वरून माहा आवाज! लोकायनं पाहाचं आणि भराचं. सोपं!"

टाळ्या पडल्या. पण खरी गंमत रुपरावांनी पोटातच ठेवली होती. नमुन्याला ते भरणार होते आपल्या मुलाचा, अश्विनचा फॉर्म! अश्विन एकतीस वर्षांचा, मिहानमधल्या एका कंपनीत चांगल्या नोकरीला, पण स्वभावानं इतका अबोल की मागच्या तीनही मेळाव्यांत स्टेजवर जाऊन नाव सांगून खाली येऊन बसला होता. पोराचं लग्न व्हावं, एवढी एकच गोष्ट रुपरावांच्या यादीत बाकी राहिली होती.

"दोनशे घरी व्हिडिओ जाईन," रात्री जेवताना त्यांनी गोपिकाबाईंना सांगितलं. "म्हणजे दोनशे घरी अश्विनचा बायोडाटा! आहे का नाही डोकं?"

"आहे. वरण घेता काय?"

"घेतो. आणि पोळी वाढ वं अजून एक. काय मऊ झाली! तुह्या हातची पोळी मी डोळे मिटून ओळखतो. एक घास, बस!"

गोपिकाबाईंनी पोळी वाढली आणि अश्विनकडे पाहिलं. अश्विननं ताटाकडे पाहिलं. रुपरावांनी दोघांकडेही पाहिलं नाही. स्वयंपाकघर हा गोपिकाबाईंचा विभाग, आणि दुसऱ्याच्या विभागात डोकवायचं नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम होता.

शनिवारी सकाळी त्यांची लेक कामिनी सीताबर्डीहून एक छोटा माइक घेऊन आली. संगणक होता स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या टेबलावर. तिनं वडिलांना समजावलं, "बाबा, हे लाल बटन दाबलं की स्क्रीनवर जे दिसते ते आणि माइकले जे आयकू येते ते, सगळं रेकॉर्ड होते. थांबवाचं असन तर हे चौकोनी बटन."

रुपरावांनी वहीत लिहून घेतलं, 'लाल - सुरू.' चौकोनी लिहीपर्यंत पेनातली शाई संपली. कामिनी अंगणात फोनवर बोलायला गेली आणि रुपरावांनी घसा खाकरून लाल बटण दाबलं.

"नमस्कार! मी रुपराव भोयर. आता मी जसं भरून राहिलो, तसंच्या तसं भराचं. आपली अक्कल लावाची नाही! नाव आणि फोटो तेवढा आपापला. चला."

आणि काय सांगावं, आवाज असा लागला होता की बसस्टँडवर घोषणा करायला बोलवावं! जन्मतारीख भरली. जन्मवेळ, पहाटे चार वाजून बारा मिनिटं. उंची पाच फूट नऊ इंच. स्वभाव शांत. मग आला 'छंद' हा रकाना. अश्विनला छंद असा नव्हताच. पण रकाना रिकामा? रुपरावांनी दणक्यात टाइप केलं, 'वाचन, पोहणे.' अश्विन आयुष्यात बादलीपेक्षा खोल पाण्यात उतरला नव्हता.

एवढ्यात खाली गॅसवाल्यानं हाक मारली. रुपराव उठले, खाली गेले, सिलिंडरचं सील तपासलं, वजन करायला लावलं, गॅसवाल्याला नियम समजावले आणि दहा मिनिटांनी परत येऊन बसले. लाल ठिपका आपला लुकलुकतच होता.

"तर पुढे," ते म्हणाले, जणू मधे काही झालंच नाही. शेवटी सबमिटचं बटण आलं. "इथं दाबाचं. मी दाबत नाही, कारण हा नमुना आहे. धन्यवाद!"

कामिनीनं आत येऊन रेकॉर्डिंग थांबवलं आणि कानाला हेडफोन लावून सगळं ऐकून पाहिलं. मधेच ती गालातल्या गालात हसली.

"बाबा, मधात दहा मिनिटं नुसता फॉर्मच दिसते. तुमी नाही आहा. कापू काय?"

"खाडाखोड? माह्या कागदावर?" रुपराव कडाडले. "जसं आहे तसं पाठव!"

"तुमी एकदा आयकून तं घ्या."

"मी लिहिलेलं मी काहून तपासू वं? चौतीस वर्षं लोकायचं तपासलं!"

"राहू द्या मंग," कामिनी म्हणाली आणि तिनं व्हिडिओ समाजाच्या सगळ्या ग्रुपवर सोडून दिला.

दोन दिवसांत रुपराव प्रसिद्ध झाले! भाजी घ्यायला निघाले तर तीन जणांनी थांबवलं.

"रुपरावजी, व्हिडिओ मस्त! ते दहा मिनिटं आम्ही हात जोडून बसलो होतो. म्हटलं वरून प्रोसेस होऊन राहिली असन."

"बराबर केलं," रुपराव म्हणाले. आता नाही कसं म्हणायचं?

"आणि काय जी, घरी पोळ्या मऊ होते ना?" असं विचारून त्यातला एक उगाच हसला. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानंही पोळ्यांचीच चौकशी केली. तिसऱ्या दिवशी खुद्द अध्यक्षांनी! गोपिकाच्या पोळ्यांची कीर्ती इतकी पसरली कशी, याचं रुपरावांना नवल वाटलं, पण अभिमान त्याहून जास्त वाटला. "यालेच म्हणते संसार!" ते प्रत्येकाला छाती काढून सांगू लागले. "एका घासात हात ओळखतो मी!" लोक अजूनच हसायचे.

फॉर्म आले दोनशे चौदा. रुपरावांनी नुसती वरून नजर फिरवली आणि त्यांचे डोळे पाणावले. एकही रकाना रिकामा नव्हता! पुस्तिका छापायला देताना त्यांनी कामिनीला तपासूही दिली नाही. "माहा व्हिडिओ पाहून भरले आहे. तपासाले काय आहे त्यात?"

मेळावा होता बेसा भागातल्या एका मोठ्या हॉलमध्ये. रुपरावांनी नवा कोट घातला, अश्विनला निळा शर्ट घालायला लावला आणि पुस्तिकांच्या गठ्ठ्याशेजारी ते असे उभे राहिले की नवरदेव कोण असा प्रश्न पडावा. पहिले दोन तास छान गेले. मग पत्रिका जुळवणाऱ्या सुमंत गुरुजींच्या टेबलाकडून आरोळी आली.

"अहो, हे काय आहे? एकनाड!"

"काय झालं गुरुजी?"

"सकाळपासून अकरा जोड्या आल्या. अकराही एकनाड, एकही जुळत नाही! दोघांची तारीख एक, वेळ एक, गाव एक! हा काय समाज आहे की जुळ्यांचं गाव?"

रुपरावांनी पुस्तिका उघडली. पान सात, जन्मवेळ चार बारा. पान आठ, चार बारा. पान नऊवर एक नाजूकशी मुलगी होती, उंची पाच फूट नऊ इंच. पान दहा, छंद वाचन, पोहणे. अकरा, पोहणे. बारा, पोहणे! दोनशे पोहणारे! रुपरावांच्या कोटाला आतून घाम फुटला.

स्टेजवरचा निवेदक तर वाचतच सुटला होता. "स्वभाव शांत, छंद वाचन, पोहणे... पुढचे उमेदवार, स्वभाव शांत, छंद वाचन, पोहणे..."

"पूर आला तरी आपल्या समाजाले काई होत नाही जी!" मागून कोणीतरी ओरडलं आणि हॉल खदखदला.

अध्यक्ष तरातरा आले. "रुपरावजी, काय आहे हे?"

एका काकांनीच उत्तर दिलं. "तेच तं म्हणाले, तसंच्या तसं भराचं, आपली अक्कल लावाची नाही! आमी नाही लावली."

"अहो, पण तुमच्या पोरीची उंची..." रुपरावांनी म्हणून पाहिलं.

"व्हिडिओत पाच नऊच होती!"

जन्मभर लोकांनी त्यांचा शब्द प्रमाण मानावा असं त्यांना वाटत आलं होतं, आणि आज दोनशेवर घरांनी तो मानला होता.

तेवढ्यात एक काठी टेकत आलेल्या आजीबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मागे चष्मा लावलेली एक तरतरीत मुलगी.

"मी पार्वतीबाई. हे माही नात रितिका. व्हिडिओतला अश्विन कोणता जी? त्याचं पान दाखवा."

बुडत्या रुपरावांना एकदम दम आला. निदान हे तरी काम व्हावं! त्यांनी भराभरा पानं उलटली. 'अ' पाहिला. 'भ' पाहिला. मागून पुढे, पुढून मागे. अश्विन कुठेच नव्हता! आणि मग त्यांना त्यांचाच तो ठणठणीत आवाज आठवला, 'मी दाबत नाही, कारण हा नमुना आहे.' नंतर दाबायचं राहूनच गेलं होतं.

अख्ख्या पुस्तिकेत अश्विनची तारीख होती, वेळ होती, उंची होती. फक्त अश्विन नव्हता. रुपराव खुर्चीवर बसले. दोनशे फॉर्म चुकल्याचं त्यांना आता काही वाटेना. पोराचं आणखी एक वर्ष आपल्या हातानं घालवलं, एवढंच त्यांना दिसत होतं.

"पान नाही जी," ते म्हणाले. "चूक माही आहे. पोराची नाही."

"पानाचं काय कराचं मले?" पार्वतीबाई म्हणाल्या. "माणूस आयकला मी. काढ वं रितिका."

रितिकानं फोन काढला आणि व्हिडिओ बरोबर गॅसवाल्याच्या हाकेपासून लावला. स्क्रीनवर नुसता अर्धा भरलेला फॉर्म. आणि मागून घरातले आवाज.

"तू बस आई. गुडघा दुखते ना? कणीक भिजवली मी. लाटतोच आता."

"अरे, बाबा येतीन."

"ते गॅसवाल्यासंगं अर्धा तास बोलतीन. आणि सांगू नको त्यायले. दिवाळीपासून मी पोळ्या करून राहिलो, पण तुह्या हातच्या म्हणून किती खुशीत खाते ते! खाऊ दे ना."

मग लाटण्याचा आवाज, गोपिकाबाईंचं हसणं, आणि तव्यावर टाकलेली एक पोळी.

हॉलमध्ये आजूबाजूचे चार जण गुपचूप छताकडे पाहू लागले. सगळ्यांना माहीत होतं! अख्ख्या समाजाला! दूधवाल्यालासुद्धा! आणि एका घासात हात ओळखणारा माणूस गावभर छाती काढून फिरत होता. रुपरावांनी अश्विनकडे पाहिलं. अश्विन कानापर्यंत लाल होऊन उभा होता.

"आमी बाकी व्हिडिओ पळवला जी," पार्वतीबाई म्हणाल्या. "तुमी उठून गेल्ते ना, तेवढाच पाहिला. तीनदा!"

"आणि फॉर्म?" रुपरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तो मी वाचून भरला, काका," रितिका म्हणाली.

सुमंत गुरुजींनी आनंदानं तिची पत्रिका हातात घेतली. सकाळपासून पाहिलेली ती पहिली वेगळी जन्मवेळ होती! "मुलाची वेळ सांगा," ते म्हणाले. रुपरावांनी तोंड उघडायच्या आत अख्खा हॉल ओरडला, "चार बारा!"

पत्रिका जुळली. रितिकानं अश्विनला विचारलं, "पोहता येते काय?" अश्विन म्हणाला, "नाही." दोघंही हसली आणि कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर जाऊन बसली. जन्मात पहिल्यांदा अश्विन सलग वीस मिनिटं बोलला. रुपरावांनी घड्याळ लावून मोजलं.

महिन्याभरात साखरपुडा झाला. तोवर रुपराव पूर्ववत झाले होते. "लग्न जमलं ते माह्या व्हिडिओनं!" ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि पोराचा अभिमान तर असा उतू चालला होता की विचारू नका. "पुरुषाले पोळी आलीच पाहिजे जी! आमचा अश्विन पाहा!" हे ते अशा थाटात म्हणत, जणू स्वतःच लाटणं हातात धरून शिकवलं होतं.

त्या रविवारी ते जेवायला बसले. ताटात गरम पोळी आली. त्यांनी एक घास तोडला, डोळे मिटले, सावकाश चावला आणि तृप्त होऊन मान डोलावली.

"वा! एका घासात ओळखलं! हा आपल्या अश्विनचाच हात. अशी पोळी तुले कधी जमली नाही वं गोपिका!"

आतलं लाटणं थांबलं. मग गोपिकाबाई दारात आल्या. एका हातात उलथनं, दुसरा गुडघ्यावर.

"अश्विन सकाळपासून रितिकाच्या घरी, बेशाले गेला आहे," त्या म्हणाल्या. "अजून एक वाढू काय?"