आदराचा कोन

कबनूरच्या अमरसिंह घोरपड्यांच्या कारखान्यात चोवीस यंत्रमाग होते आणि चोवीसच्या चोवीस एकाच ऑर्डरीकडे डोळे लावून बसले होते. जपानचे ओकुदा साहेब गुरुवारी येणार, माग बघणार आणि काम पसंत पडलं तर वर्षभराचं कापड सांगणार, असं पत्र आलं होतं. ऑर्डर हुकली तर माग भंगारात जाणार, हे पत्रात नव्हतं. पण शमशुद्दीनला ते पक्कं ठाऊक होतं. बावीस वर्षं ते माग त्यानंच दुरुस्त केले होते. तिसऱ्या मागाच्या खोडी त्याला घरच्या पोरांपेक्षा जास्त माहीत होत्या.

अमरसिंहांना चिंता होती ती शिष्टाचाराची. 'आशियाई भागीदारांशी संबंध-संवर्धन' हा तीन दिवसांचा वर्ग घेणाऱ्या मनाली मॅडमना त्यांनी कोल्हापुरातून बोलावलं. मॅडम एकदा टोकियोच्या विमानतळावर सहा तास अडकल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या अधिकाराबद्दल शंकेला जागा नव्हती. आपणही आशियातच राहतो, ही बाब अभ्यासक्रमात नव्हती.

पहिल्या दिवशी वाकणं झालं. मालकानं तीस अंश, मॅनेजरनं पंचेचाळीस, कामगारांनी नव्वद.

"मॅडम, मी निम्मा दिवस मागाखाली वाकूनच असतोय की," शमशुद्दीन म्हणाला.

"ते कामाचं वाकणं. हे आदराचं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीला कोनमापक लावला.

दुसऱ्या दिवशी व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी देण्याचा सराव झाला. ज्याच्याकडे कार्ड नाही त्यानं पाहुण्यासमोर तोंड उघडू नये, असा ठराव झाला. कार्ड एकट्या अमरसिंहांकडे होतं.

तिसऱ्या दिवशी दोन नियम आले. शांतता म्हणजे आदर. आणि तोंडावर 'नाही' कधी म्हणायचं नाही, 'विचार करू' म्हणायचं.

"मग मागाचा आवाज?" अमरसिंहांनी विचारलं.

मॅडमनी वही चाळली. वहीत यंत्रमागांचा उल्लेख नव्हता. "आवाज तो आवाज," त्यांनी निर्णय दिला. गुरुवारी सगळे माग बंद ठेवायचं ठरलं.

शमशुद्दीनला राहवेना. "मालक, पावणं माग बघायलाच येत्यात न्हवं? बंद माग दावायचा तर फोटू धाडला असता की!"

"चाचा, तुमच्याकडं कार्ड हाय?"

"न्हाय."

"मग गप बसा की."

गुरुवारी ओकुदा साहेब दुभाष्याला घेऊन आले. तीस अंश झाले, कार्ड झालं आणि मग अकरा मिनिटं शांतता झाली. अखेर साहेबांनी विचारलं, "माग चालताना बघायला मिळतील का?"

अमरसिंह पेचात पडले. 'नाही' म्हणायचं नव्हतं आणि माग तर बंद होते. ते म्हणाले, "विचार करू."

"निदान एखादा?"

"त्याचाबी विचार करू."

साहेबांचा चेहरा पडला. भिंतीपलीकडे शमशुद्दीन हे सगळं ऐकत होता. कार्ड गेलं खड्ड्यात म्हणून त्यानं तिसरा माग सुरू केला. खडखडाट ऐकताच साहेब हसले, उठले आणि आवाजाच्या दिशेनं निघालेसुद्धा. पण अमरसिंह त्यांच्या आधी धावत पोचले. त्यांनी माग बंद केला आणि नोकराच्या उद्धटपणाबद्दल नव्वद अंशात माफी मागितली. या लोकांना काहीतरी लपवायचंय, अशी साहेबांची खात्री पटली. त्यांनी वाकून निरोप घेतला.

महिन्यानं पत्र आलं: 'आपल्या प्रस्तावाचा विचार करू.'

"आपलाच शब्द त्यांनी परत केला! याहून मोठा मान नाही," मॅडम म्हणाल्या. अमरसिंहांनी पत्राला चौकट केली. दिवाळीला माग भंगारात गेले. तिसरा माग टेम्पोत चढवताना शमशुद्दीननं हात लावला नाही, तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

मात्र अमरसिंहांचं नाव झालं. अस्सल जपानी माणूस ज्याच्यापुढं वाकला, असा माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता. रिकाम्या झालेल्या शेडमध्ये त्यांनी मॅडमच्या भागीदारीत कायमचा वर्ग काढला. आता तिथं तोबा गर्दी असते.

गेल्या रविवारी तुम्हीही गेला होता. दारात एक म्हातारा चाचा "या की पावणं" म्हणाला आणि खाली वाकून त्यानं तुमच्या चपला उचलून कडेला लावल्या. तुम्ही त्याच्याकडे बघितलं नाही. तुम्हाला उशीर झाला होता. आत 'समोरच्या माणसाला आदरानं कसं भेटावं' हा तास सुरू झाला होता.