खडूच्या रेघेपलीकडचा आरोपी

खर्डीपासून मुरबाडपर्यंत ज्याच्या नजरेतून मुंगीही निसटत नाही असा गुप्तहेर एकच, आणि तो आपण, हे हनुमान कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगत असे. आपलं डोकं सरकारी मालकीचं असतं तर त्याच्यावर पहारा बसवावा लागला असता, असंही तो म्हणे. सापगावची हरवलेली म्हैस त्यानेच शोधली होती. म्हणजे म्हैस संध्याकाळी आपल्या पायांनी गोठ्यात आली, तेव्हा तो गोठ्याच्या दारात बसलेला होता. सुनिल त्याचा साहाय्यक. गुप्तहेराला मोटरसायकल लागते आणि ती सुनिलकडे होती, एवढीच त्याची पात्रता.

ऐन थंडीत सापगावच्या हरेशने या दोघांना बोलावलं. हरेश आसनगावजवळ एका गोदामात कामाला होता. पगारातून साठवून त्याने गेम खेळायचा कॉम्प्युटर घेतला होता, काचेच्या पोटात रंगीत दिवे असलेला. मुरबाडचा संदेश आणि त्याची दोस्तमंडळी यांच्या संघात तो खेळायचा, प्रत्येक जण आपापल्या घरून. पण खेळ रंगात आला की हरेशचा कॉम्प्युटर न सांगता न सवरता बंद पडायचा. रोज नाही, अधूनमधून. शहापूरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर तिथे डॉक्टरसमोर बसवलेल्या पोरासारखा ठणठणीत.

बंद पडण्याचंही हरेशला फार वाटत नव्हतं. पण संदेशची समजूत झाली होती की हरायची वेळ आली की हा मुद्दाम बटण दाबतो. संघात त्याला हरेश म्हणणं बंद झालं होतं, सगळे पळपुटा म्हणत. रविवारच्या फायनलला तो पुन्हा मधेच गायब झाला तर त्याच्या जागी दुसरा गडी येणार होता. हे ऐकून सुनिलला वाईट वाटलं. हनुमानने खिशातून खडू काढला.

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीकडे पाठ करून ठेवलेला होता. हनुमानने टेबलाभोवती पांढरी रेघ ओढली आणि जाहीर केलं की तपास संपेपर्यंत कोणाही संशयिताने रेघेच्या आत पाऊल टाकायचं नाही. हरेशला खेळण्यापुरती सवलत मिळाली. सुनिलने सुचवलं की एकदा मागच्या बाजूला डोकावून बघू.

"सुनिल, गुन्हा मागं नसतो," हनुमान म्हणाला. "गुन्हा मनात असतो."

मग त्याने डोळे मिटून हवा हुंगली आणि निष्कर्ष काढला की या घरात वालाला मोड आलेले आहेत, म्हणजे दुपारी बिरडं होणार. बिरडं झालं. त्या संबंध तपासात हनुमानचा बरोबर आलेला निष्कर्ष हा एवढाच. हरेशची आई बाईजाकाकू पाहुण्याला बिरडं वाढल्याशिवाय सोडत नसे, आणि हनुमान वाढलेलं सोडत नसे.

पहिला संशय शेजारच्या भिमावर गेला. भिमा शेतावरचा पंप लावतो, वीज खाली येते, कॉम्प्युटर मरतो, असा सरळ हिशेब होता. दोघं अख्खी सकाळ भिमाच्या बांधावर करवंदीच्या जाळीमागे लपून बसले. शेवटी भिमाच चहा घेऊन आला आणि म्हणाला की पंप दिवाळीपासून जळून पडलाय, तुमी नक्की कशाची वाट बघताय. हनुमानने चहा घेतला आणि भिमाची निर्दोष सुटका केली.

मग संशय संदेशवर आला. त्यासाठी सुनिलच्या पेट्रोलवर मुरबाड गाठणं भाग होतं. संदेशने शांतपणे विचारलं की आपलाच गडी बंद पाडून मला काय मिळणार. हा प्रश्न हनुमानला अपेक्षित नव्हता. परतीच्या वाटेवर तो एवढंच म्हणाला की गुन्हेगार फार हुशार आहे.

इकडे केस हाती घेतल्यापासून कॉम्प्युटर जास्तच बंद पडू लागला. हनुमान तपासाला येणार असला की हमखास. हनुमानच्या मते याचा अर्थ गुन्हेगार बिथरला होता. त्यामुळे तो आणखी वरचेवर येऊ लागला, आणि जेवण्याच्या वेळेला, कारण त्या वेळी माणूस बेसावध असतो.

रविवार आला. फायनलचा पहिला डाव सुरू झाला. हरेश ओठ आवळून खेळत होता, आणि ऐन मोक्याला पडदा काळा झाला. हरेशने डोक्याला हात लावला. हनुमान उभा राहिला.

"गुन्हेगार या खोलीत हाय. कॉम्प्युटर बंद पडला तवा दरवेळी कोन हजर व्हता? सुनिल."

सुनिलने आठवण करून दिली की दरवेळी तूही होतास. हनुमान म्हणाला की मी तपासाला होतो, तू नुसताच होतास.

हे चाललेलं असताना बाईजाकाकू आतून परात घेऊन आली, रेघ ओलांडून टेबलापाशी गेली, कॉम्प्युटर आणि भिंत यांच्यामध्ये हात घातला आणि फडक्यात बांधलेलं एक फुगीर गाठोडं ओढून काढलं. गाठ सोडली. आत वाल होते, पांढरेशुभ्र मोड आलेले.

"आये, हे काय गो?" हरेशने कसंबसं विचारलं.

"वाल. चूल व्हती तवा चुलीपाठी ठेवायची. आता ग्यास आला, थंडीत मोड यायचे कसे? हितं मागून गरम वारा येतो चांगला."

"तो वारा भायेर जायाचीच ती जागा हाय. अडला का तापून बंद पडतो."

"मंग मी कुटं अडवला? फडकं पातळ हाय."

हनुमानने घसा खाकरला. "काकू, तुमी रेघ ओलांडली."

"रेघ संशयितांना म्हनलास ना? मी घरातली हाय. आनि हे ठेवते कुनासाठी? जेवाया तूच येतोस."

हनुमान खाली बसला.

दुसरा डाव सुरू व्हायला थोडा वेळ होता. कॉम्प्युटर गार झाला, चालू झाला. हरेशने कानाला हेडफोन लावला आणि संदेशला खरं ते सांगितलं, की आईने मागं वाल ठेवले होते मोड यायला. याहून बरं कारण त्याला सुचलंही नसतं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काहीतरी ओढल्याचा आवाज आला आणि संदेश परत आला.

"आमच्या हितं मूग हायेत," तो म्हणाला. "तू खेळ."

ते हरले. पण शेवटच्या क्षणापर्यंत हरेश होता, आणि डाव संपल्यावर संदेश म्हणाला, "हरेश, पुढच्या वेळी बघू." आपलं नाव ऐकून हरेश किती तरी वेळ तसाच हेडफोन लावून बसून राहिला.

संध्याकाळी मोटरसायकलवर मागे बसून हनुमानने केस निकालात काढल्याचं जाहीर केलं. आरोप सिद्ध करता येणार नाही, एवढीच खंत त्याला होती, कारण पुरावा शिल्लक राहिला नव्हता. तो त्याने जेवताना दोनदा मागून घेतला होता.