नोंद एक, नवरे दोन

येत्या शुक्रवारी लग्न असलेल्या शिंप्याला सोमवारी सकाळी अकरा वाजता, नोंदणी कचेरीच्या चार नंबर खिडकीवर, असे कळले की आपले लग्न दोन वर्षांपूर्वीच झालेले आहे.

"कुणाशी?" त्याने विचारले.

कारकुनाने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"अहो, ही माझी वहिनी आहे!"

"अभिनंदन," कारकून म्हणाला. "पुढचे या."

शिंपी जुळ्यांतला धाकटा. थोरल्याची बेकरी होती. जन्मतारीख एक, आईबाप एक, पत्ता एक; मग दोन नोंदी ठेवणे हा अपव्यय, असे कचेरीच्या नव्या संगणक प्रणालीने ठरवले होते. म्हणून थोरल्याची नोंद राहिली आणि धाकट्याच्या जागी एकच ओळ आली : 'थोरल्याकडे पाहावे.' धाकट्याला हे वाक्य नवे नव्हते. लहानपणापासून घरात तो तेच ऐकत आला होता.

त्याने रीतसर अर्ज केला, कारकुनाने लग्न खोडले, आणि दुपारी वहिनीचा फोन आला.

"भावजी, काय उद्योग केलात? कचेरीतून विचारतायत, मी या घरात कुणाची कोण!"

मंगळवारी तिघेही खिडकीवर हजर झाले. कारकुनाने थोरल्याचे लग्न परत लावले, धाकट्याचेही लागले. धाकट्याचे काढले, थोरल्याचेही निघाले. पाव तासात वहिनीची तीन लग्ने आणि दोन काडीमोड झाले, तेही खुर्चीवरून न उठता.

शेवटी वरच्या मजल्यावरून प्रोग्रामर बाईंना बोलावले.

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "आम्ही खिडकीला माणसाची नोंद देत नाही. ती कुठल्या कप्प्यात आहे, तेवढंच सांगतो. तुम्हा दोघांचा कप्पा एकच."

"म्हणजे दोघांत मिळून एकच सदरा," शिंपी म्हणाला. "मी बाही कापली, की दादाचा हात उघडा."

बाईंचे डोळे पाणावले. सहा वर्षांत त्यांचे बोलणे प्रथमच कुणाला कळले होते.

साहेबांनी प्रकरणाची गंभीर दखल घेतली. तासाभरात परिपत्रक निघाले : यापुढे कोणत्याही खिडकीस मूळ नोंदीचा ठावठिकाणा देऊ नये, केवळ प्रत द्यावी.

बुधवारी कारकुनाने प्रतीत शिंप्याला अविवाहित केले. रांगेने टाळ्या वाजवल्या. शिंपी उड्या मारत पाच नंबर खिडकीवर लग्नाचा परवाना घ्यायला गेला. तिथे तो विवाहित होता.

"आत्ताच दुरुस्त केलंत ना?"

"केलं की. प्रतीत," शेजारून चार नंबरचा कारकून म्हणाला.

"ती प्रत कुठाय?"

"काम संपलं की नष्ट करतो. नियम आहे."

"आणि मूळ नोंद?"

"एकदम सुरक्षित!" मागून साहेब अभिमानाने म्हणाले. "तिला आता कुणाचा बाप हात लावू शकत नाही. आम्हीसुद्धा नाही."

"साहेब, दुरुस्त केलेली प्रत परत पाठवायची असते," बाई पुटपुटल्या.

"परिपत्रकात परतीचा रकाना नाही."

शिंपी जिन्यावर डोके धरून बसला. शिवून तयार असलेला लग्नाचा कोट त्याला डोळ्यांपुढे दिसत होता.

गुरुवारी नवरी स्वतः आली, खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून. ती लिफ्ट दुरुस्त करायची.

"मला यांच्या दादाशी लग्न करायचं नाहीये," ती म्हणाली. "यांना यांची स्वतंत्र नोंद द्या. आणि साहेब, तुम्ही सातव्या मजल्यावर बसता ना?"

परिपत्रक मागे घेऊन स्वतंत्र नोंद तत्काळ मंजूर झाली. अडचण एकच : काटकसरीपायी रिकामा कप्पाच शिल्लक ठेवलेला नव्हता. कारकुनाने बराच वेळ शोधले आणि एका नोंदीवर बोट ठेवले.

"ही घ्या. या माणसाने दहा वर्षांत चौकशी केलेली नाही. रिकामीच म्हणायची."

"अहो, पण तो जिवंत असेल!" बाई ओरडल्या.

"असेल. तक्रार करेल का?"

धाकट्याच्या ओळीतून थोरल्याचे नाव गेले आणि तिथे आले : 'या गृहस्थाकडे पाहावे.' शिंपी क्षणभर घुटमळला. त्या बिचाऱ्याचे काय? मग त्याला उद्याचा शुक्रवार आठवला, आणि त्याने सही ठोकली.

लग्न झोकात झाले. वहिनी सगळ्यांत जास्त नाचली.

ती नोंद कुणाची, हे शिंप्याला आजही ठाऊक नाही. कारकुनाने त्याला एवढेच सांगितले, की माणूस मोठा हसरा आहे; लोकांच्या कचेरीतल्या फजितीचे किस्से चवीने वाचतो, आणि स्वतःचे कागद मात्र 'बघू सवडीने' म्हणतो. तेव्हा वाचकहो, गेल्या शुक्रवारपासून तुमची बायको लिफ्ट दुरुस्त करते. घरी कसे सांगायचे, ते तुमचे तुम्ही बघा.