पिस्त्याशेजारचा डबा

सकाळी तंत्रज्ञबाईंनी प्रयोगशाळेचा फ्रीझर उघडला. थंड वाफेऐवजी आतून कोमट सुस्कारा बाहेर पडला. सीलबंद डब्यात चाळीस कुप्या होत्या. मन प्रसन्न आणि स्मरणशक्ती तल्लख करणारं कृत्रिम पेप्टाइड, तीन वर्षांची मेहनत! अजून फक्त उंदरांनाच दिलेलं.

"प्लग कुणी काढला?"

"मी. मोबाइल चार्ज करायला," सर म्हणाले. "परत लावायचं विसरलो."

स्मरणशक्तीच्या औषधाचे जनक ते हेच. प्लग लावला, तर फ्रीझर एकदा घुरघुरला आणि त्याने राम म्हटला. त्यात आजच तपासनीस यायचे होते!

बाईंनी डब्याच्या काचेच्या झाकणातून पाहिलं. डबा जाड असल्याने कुप्या अजून गोठलेल्या होत्या. डबा छातीशी धरून त्या धावतच रस्ता ओलांडून समोरच्या आइस्क्रीमच्या दुकानात शिरल्या.

"दादा, एवढा डबा ठेवता?"

"पिस्त्याशेजारी जागा आहे. काय आहे त्यात?"

"उंदरांचं औषध."

"उंदीर?" रांगेतलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं.

"ताई, धंदा बुडवता का माझा?" दुकानदार कळवळला.

बाई घाईघाईने ओरडल्या, "अहो, औषध स्मरणशक्तीचं आहे! मन प्रसन्न करणारं!"

झालं. रांग दुप्पट झाली.

"मला पिस्ताच द्या. उद्या परीक्षा आहे."

"ह्यांना दोन स्कूप द्या. लग्नाचा वाढदिवस विसरतात."

"अहो, डबा सीलबंद आहे! पिस्त्यात काही नाही!" बाई घसा फोडून सांगत होत्या. ऐकतंय कोण? दहा मिनिटांत पिस्ता संपला.

"तो डबा जरा दाखवा," रांगेतला चष्मेवाला म्हणाला. त्याने खिशातून ओळखपत्र काढलं. तपासनीस!

बाईंनी डबा काढून पुढे केला. आणि घडलं ते सगळं धडाधडा सांगून टाकलं. तपासनिसांनी सील पाहिलं, कुप्या मोजल्या, फ्रीझरचं तापमान पाहिलं. उणे वीस, अगदी काट्यावर. शेजारी दोरीला दुकानदाराची वही टांगलेली होती. तापमानाची नोंद तासातासाला, एकही रकाना कोरा नाही.

"तुमच्या प्रयोगशाळेची अशी वही मी आजवर पाहिलेली नाही," ते म्हणाले आणि तिथेच शेरा लिहू लागले.

बाई डबा मिरवत परतल्या. सर दारातच उभे होते.

"बुडालो का आपण?"

"नमुने पास झाले, सर. नवा फ्रीझरही मंजूर, त्याच्या प्लगला कुलूप आणि किल्ली माझ्याकडे." बाईंनी शेऱ्याचा कागद त्यांच्या हातात ठेवला. "आणि सोमवारपासून तुम्ही समोर जायचं. आइस्क्रीमवाले दादा नोंदी ठेवायला शिकवणार आहेत."