चौघी तबकड्यांच्या इमानाची परीक्षा

श्रीशारदा लेखणीस बळ देवो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, श्रावणमासी एके संस्थानी जे वर्तले ते ऐकिल्याप्रमाणे लिहिले ऐसीजे.

संस्थान तीन खोल्यांचे. धनी त्रिविक्रमपंत, राणी सुलभाबाई. बाईंनी चौदा पावसाळे गमबूट घालोन कातळाच्या सड्यांवर बेडकांचे आवाज टिपिले, आणि तो अवघा खजिना संगणकाचे एका जुने तबकडीत होता, आणि ती तबकडी अलीकडे टकटक करो लागली, म्हणजे जाण्याची भाषा बोलो लागली. मग पंतांनी चार खणांची साठवणपेटी व चार नव्या तबकड्या आणविल्या, आणि चौघींस कोणते रेडबंदोबस्तास, म्हणजे तबकड्या एकत्र जुंपण्याचे कोणते क्रमांकाचे रीतीस, लावावे या कुतूहलात तीन दिवस चहा निववून प्याले. तेसमयी शेजारील जयसिंगराव, फुकट सल्ल्याचे मोठे दाते, येवोन बोलिले, "पंत, रेड शून्य घ्या! चौघींची जागा पुरी मिळते, पेटी घोड्यासारखी धावते." पंतांनी पुसिले, "आणि एक पडली तर?" "तर चारी गेल्या. पण नवी कोरी पडते कशाला?" बाई आतून म्हणाल्या, "भावोजी, तुमचे बेडूक नाहीत म्हणून बोलता!"

मग पंतांनी रेड पाच नेमिला. त्यात तिघींइतकी जागा मिळते, चौथीइतकी जागा राखणीस जाते, आणि कोणतीही एक पडली तरी उरल्या तिघी तिचे सर्व सांगून देतात. बाई म्हणाल्या, "माझे बेडूक मागाहून. आधी तुमच्या मुंजीची चित्रफीत घाला. तिची सीडी कपाटात आहे, गेली तरी हळहळ नाही." मुंज घातली. पंतांनी एक तबकडी ओढोन काढिली, आणि पेटी किंचाळली, परंतु पडद्यावर बटू भिक्षा मागतच राहिला. इतक्यावर थांबते तर ते पंत कसले! कुतूहल अनावर होवोन दुसरीही ओढिली, आणि बटू, भटजी, मांडव एकदम अंतर्धान पावले. जयसिंगराव हसोन म्हणाले, "झाली सोडमुंज!"

पंत खजील जाहले, परंतु शिकले. मग रेड सहा केला, जागा निम्मीच उरली, आणि सीडीवरोन मुंज पुन्हा घालोन दोघी ओढिल्या तरी बटू ढळला नाही. पंतांची छाती फुगली. "आता घाला बेडूक!" बाई म्हणाल्या, "थांबा. चौघी जागेवर बसवा आणि तीच मुंज पुसून दाखवा." पंतांनी बोट टेकिले. मुंज गेली, चौघींवरोन एकाच क्षणी गेली, आणि चौघींपैकी एकही "सरकार, चूक होते" ऐसे बोलली नाही. बाई म्हणाल्या, "अहो, एकमेकींचे मरण सोसतात त्या. तुमचे बोट कोण सोसणार?"

मग जुनी तबकडी टकटकत असताच बेडूक पेटीत उतरविले, आणि दुसरी प्रत सुट्या तबकडीत करोन बाई स्वतः एस्टीने परगावी धाकटे बहिणीकडे घेवोन गेल्या. बहिणीने पुसिले, "ताई, यात काय गं?" "चौदा वर्षांचे बेडूक." "अगं बाई! मग देवघरात नको, ट्रंकेत ठेवते."

एवंच, तबकडी पडेल त्याचा बंदोबस्त रेडने होतो. धनी चुकेल त्याचा बंदोबस्त दुसरे घरी ठेविल्या प्रतीने होतो. बेडूक दोही ठिकाणी सुखरूप. जयसिंगराव अद्याप शून्यावरच आहेत.