पेंढ्यातला पाहुणा

यंदा हॅलोवीनला भोपळा आणायचा नाही, असं डेक्लन टॅन्सीने भाजीच्या दुकानात भोपळ्यांच्या ढिगासमोर उभं राहून ठरवलं आणि तिथेच मोठ्याने जाहीरही करून टाकलं. ऐकायला त्याची अकरा वर्षांची मुलगी मेव्ह होती आणि एक अनोळखी बाई होती. बाईने आपली पिशवी उचलली आणि ती मुकाट्याने कांद्यांकडे निघून गेली.

"बाबा, हळू बोल ना," मेव्ह म्हणाली.

"हळू का बोलू? सण आपला, आयरिश लोकांचा आहे! आपले पूर्वज सलगम कोरून त्यात दिवा लावायचे. पोटासाठी अमेरिकेला गेले, तिथे त्यांच्या हाताला भोपळा लागला. मोठा, मऊ, कोरायला सोपा. झालं! आता तोच भोपळा जहाजात बसून परत येतो आणि आपल्याच दारात आपल्याला वाकुल्या दाखवतो. मी नाही खपवून घेणार."

"पण सोपा असेल तर चांगलंच आहे ना?"

"सोपं असणं हा काही गुण नाही," डेक्लन बाणेदारपणे म्हणाला आणि त्याने पिशवीभर सलगम घेतले. (डेक्लन रॉसकॉमन कौंटीच्या रस्ते खात्यात कारकून होता. तिथे त्याचं मत कोणी विचारत नसे, त्यामुळे ते बाहेर कुठेही सांडायचं.)

सलगम किती टणक असतो हे पूर्वजांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. डेक्लनने आधी चमचा घेतला, चमचा वाकला. मग सुरी घेतली, अंगठा कापला. शेवटी, अंगठ्याला पट्टी बांधून, तो शेडमधून भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल मशीन घेऊन आला. त्यानंतर सलगमाचा काही भाग छताला गेला, काही पडद्यांना आणि बराचसा डेक्लनच्या केसांत. संध्याकाळपर्यंत एक दिवा तयार झाला. त्याचा चेहरा भुतांना पळवून लावणारा, उग्र असा व्हायचा होता. प्रत्यक्षात तो पोट साफ न झालेल्या माणसासारखा दिसत होता.

"अगदी तुझ्यावर गेलाय," त्याची बायको ब्रोना म्हणाली आणि छत पुसायला शिडी आणायला गेली.

खरं सांगायचं तर डेक्लनचा राग भोपळ्यावर नव्हताच. तो होता स्वयंपाकघराला लागून असलेल्या एका लहानशा खोलीपायी. घरात आतून कडी लागणारी (न्हाणीघर सोडलं तर) ती एकच खोली. तिथे एक शेकोटी, एक जुनी खुर्ची आणि एक रेडिओ होता. रविवारी दुपारी डेक्लन आत जाऊन कडी लावायचा, फुटबॉलची मॅच ऐकायचा आणि तेवढा वेळ त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. जूनमध्ये ब्रोनाने ठरवलं, की टेकडीवरच्या घरात एकटे राहणारे तिचे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ओवनी, यांनी आता त्या खोलीत राहायला यावं. डेक्लन त्यावर "बघू" म्हणाला होता. "बघू" हा त्याच्या मते नकार होता. ब्रोनाच्या मते तो होकार होता. गेल्या आठवड्यात तिने पलंगासाठी खोलीचं मापही घेतलं.

बायकोसमोर बोलायची छाती होत नव्हती, म्हणून सगळी बंडखोरी सणावर निघाली. त्याने पबमध्ये आणि गल्लीत सांगून टाकलं: आमच्याकडे येणाऱ्याने दुकानातला मुखवटा घालून यायचं नाही. जुन्या पद्धतीने, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पेंढ्यात यायचं. आणि घरधन्याने ओळखेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

"पण असं का?" मेव्हने विचारलं.

"त्या रात्री मेलेली माणसं आणि भुतंखेतं मोकळी फिरतात. त्यांनी आपल्याला ओळखू नये म्हणून सोंग घ्यायचं. आता प्लास्टिकच्या सांगाड्यात शिरलेलं पोर आईला 'शू लागली' म्हणून ओरडतं, तेव्हा कोणतं भूत फसणार आहे?"

"आणि पेंढ्याचे मुखवटे विणणार कोण?" ब्रोनाने शिडीवरून विचारलं.

"परंपरा म्हटली की कष्ट आलेच," डेक्लन म्हणाला. मेव्ह पेंढ्याचा भारा घेऊन लागोपाठ दोन शनिवार कुठेतरी गेली आणि सुरेख विणलेले मुखवटे घेऊन आली. ती हे कोणाकडून शिकली, हे विचारायचं डेक्लनच्या डोक्यात आलं नाही. तो तेव्हा पडद्यांवरचे डाग काढत होता.

हॅलोवीनची संध्याकाळ मात्र झकास जमली. टेबलावर ब्रोनाने भाजलेला मनुकांचा पाव होता, ज्याच्या फोडीत अंगठी निघेल त्याचं वर्षात लग्न व्हायचं. लोणी घातलेला बटाटा-कोबी होता, त्यातली एक ताटली घरातल्या गेलेल्या माणसांसाठी बाजूला काढलेली. मुलं घंगाळातल्या पाण्यात तोंडं बुडवून सफरचंदं दातांनी पकडत होती. दारात सलगम जळकट वास सोडत तेवत होता. डेक्लन घरधनी म्हणून मधोमध बसला आणि आलेल्या प्रत्येकाला त्याने फटाफट ओळखलं. पोस्टातल्या बाई खोकल्यावरून, शेजारी पोटावरून.

मग दारात एक रुंद, पेंढ्याने मढलेली आकृती आली. डोक्यावर शंकूसारखा मुखवटा, पायांना गोणपाट, आणि डावा पाय किंचित ओढत चाललेला. डेक्लन मनातल्या मनात हसला. शाळेपासूनचा जिवलग मित्र मॅटी गिलहूली! फुटबॉल खेळताना गुडघा मोडून घेतलेला दुसरा कोण असणार? त्याने पाहुण्याला हाताला धरून लहान खोलीत नेलं, खुर्चीत बसवलं, हातात व्हिस्कीचा पेला दिला, बाहेरच्या टेबलावर उरलेला एक सलगमही उचलून आणला आणि दार लोटलं.

"तुला मी दारातच ओळखलं," तो कुजबुजला. "पण नाव घेणार नाही. नाव घेतलं की तुझं तोंड सुटेल, आणि आज मला बोलायचंय."

पेंढा सळसळला. पेला मुखवट्याच्या आत गेला आणि रिकामा बाहेर आला.

"उद्या सकाळी मी ब्रोनाला सांगणार आहे. नाही म्हणजे नाही! म्हातारा इथे येणार नाही. आधी माझ्या खुर्चीत बसेल. मग रेडिओचा आवाज वाढवेल. मग प्रत्येक गोलला 'आमच्या वेळी असं नव्हतं.' अरे, मागे जेवायला आला होता, तर मी रचलेली शेकोटीतली लाकडं त्याने काढून पुन्हा रचली. माझ्या घरात! माझी लाकडं!"

मुखवटा सावकाश हलला.

"आणि माझ्या लग्नात भाषण करताना नाव चुकवलं माझं! भर मांडवात! मी ब्रोनासमोर गप्प बसतो म्हणून सगळ्यांना वाटतं, डेक्लनला काय, कुठेही कोंबा. पण मला एवढी एकच जागा आहे रे." त्याचा आवाज चढला. तो उठला, त्याने सलगम मशालीसारखा उंच धरला. "ही खोली मी देणार नाही! ओवनीला सांगायचं असेल तर खुशाल सांग जाऊन! मी कोणाला घाबरत नाही!"

तेवढ्यात दार उघडलं आणि डोक्यावर भलामोठा रबरी भोपळा घातलेला माणूस लंगडत आत आला.

"डेक्लन, माफ कर हं," भोपळ्यातून मॅटी गिलहूलीचा आवाज आला, "पेंढा काही मिळाला नाही, म्हणून भाच्याचं हे डोकं घालून आलो. कोणावर ओरडतोयस?"

डेक्लनने भोपळ्याकडे पाहिलं. मग पेंढ्याकडे पाहिलं. खुर्चीतल्या पाहुण्याने दोन्ही हातांनी मुखवटा वर उचलला. आतून पांढऱ्या भुवया आणि सासऱ्यांचं घामेजलेलं तोंड बाहेर आलं.

"नाव चुकवलं नव्हतं," ओवनी म्हणाले. "डेस्मंड म्हणालो होतो. ब्रोनाच्या आधीच्या मित्राचं नाव. जिभेला सवय होती."

"ओवनी... तुम्ही तर म्हणाला होता, थंडीत कंबर धरते, बाहेर पडणार नाही."

"नव्हतोच पडणार. पण मुखवटे मी विणले, आणि मेव्ह म्हणाली, बाबा ओळखतो का बघू." त्यांनी पेंढ्याची काडी दातातून काढली. "शिवाय तुझ्याशी काम होतं. जूनपासून मी ब्रोनाला सांगतोय, मला माझं घर सोडायचं नाही. ऐकते का ती? म्हटलं, जावयाला विश्वासात घ्यावं. दोघांनी मिळून तिला ठणकावून सांगावं."

डेक्लनच्या जिवात जीव आला. "म्हणजे आपण एकाच बाजूला! मग चला, आत्ताच सांगू!"

"होतो एकाच बाजूला. हा पेला हातात येईपर्यंत." ओवनी खुर्चीत आणखी रेलून बसले. "मी येणार नाही, असं मी म्हणणं वेगळं. पण ओवनीने यायचं नाही, असं दुसऱ्याने म्हणायचं? अजून तेवढी कोणाची टाप झाली नाही. आता येतोच. कुत्र्यासकट."

"मी तसं म्हणालो नव्हतो!"

"सलगम वर धरून म्हणालास. मी अजून बहिरा झालेलो नाही." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आणि खरं सांगू? म्हातारी गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू बोलतात. डॉक्टर, फादर, ब्रोना. जसा काही मी झोपलोय. आज कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्या तोंडावर ओरडलं. बरं वाटलं रे. घरात भांडायला माणूस लागतं."

डेक्लनला लाज वाटली, म्हाताऱ्याची मायाही वाटली आणि या दोन्हींचा त्याला भयंकर राग आला.

"लाकडं मी माझ्याच पद्धतीने रचणार," तो म्हणाला.

"रच की. मी परत रचेन. तुझी विझतात."

"नाही विझत!"

दोघांनी एकदमच शेकोटीकडे पाहिलं. ती विझली होती.

आवाज ऐकून ब्रोना हात पुसत दारात आली. "अय्या, डॅडी! तुम्ही इथे?"

"शनिवारी येतोय राहायला," ओवनी म्हणाले. "पलंगाचं डोकं खिडकीकडे ठेवा."

ब्रोना बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. जूनपासून विनवण्या करून, रडून, फादरकडून निरोप धाडून जे झालं नव्हतं, ते झालं होतं. ती धावत आली आणि तिने सगळ्यांदेखत डेक्लनच्या गळ्यात हात टाकले. असं तिने कधी केलं होतं, ते त्याला आठवेना.

"तू सांगितलंस ना यांना? आणि मला वाटत होतं, तुझ्या मनात नाहीये! काय बोललास रे?"

मॅटीचा भोपळा दारात गदगदा हलत होता. ओवनी छताकडे पाहत होते. डेक्लनने मान ताठ केली. शरण जायचंच असेल तर निदान जिंकल्यासारखं जावं, एवढी अक्कल त्याला होती.

"जे मनात होतं, ते स्पष्ट बोललो," तो म्हणाला. "मी कोणाला घाबरत नाही."

"माहीत आहे मला," ब्रोना डोळे पुसत कौतुकाने म्हणाली. "मग असं कर ना. ॲथलोनची फिलोमिना आत्यासुद्धा एकटीच असते, आणि तीही कोणाचंच ऐकत नाही. रविवारी दुपारी मोकळाच असतोस. तिच्याशीही तूच जाऊन बोल."