स्वर्गरथाचा रिव्हर्स हॉर्न

मंगळवारी संध्याकाळी अय्यूबने स्वर्गरथाला रिव्हर्सचा हॉर्न बसवून दिला आणि बुधवारी सकाळी राठोड सर वारले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

लोहाऱ्याला एमआयडीसीच्या रस्त्यावर अय्यूबचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. यवतमाळातल्या एका सेवाभावी मंडळाचा स्वर्गरथ चालवणारा देवराव त्याच्याकडे अगदी काकुळतीला येऊन आला होता. गाडी मागे घेताना लोक बाजूलाच होत नाहीत, दुःखात असतात, त्यांना मागचं भान नसतं. परवा एका मयताच्या जावयाचा पाय चाकाखाली यायचा थोडक्यात वाचला, असं त्याचं म्हणणं. अय्यूबच्या जुन्या मालात एक सुरात वाजणारा हॉर्न पडून होता. तो त्याने जोडला आणि देवरावला गिअर टाकायला लावला. देवळातल्या घंटेसारखा संथ, गोड नाद आला. मयताच्या गाडीला याहून शोभणारं काही मिळणार नाही, यावर दोघांचंही एकमत झालं आणि गाडी सरळ रस्त्याला लागली. त्या हॉर्नमध्ये बऱ्याच चाली भरलेल्या आहेत आणि दर वेळी गिअर टाकला की पुढची चाल वाजते, हे त्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

धरमसिंग राठोड सर अय्यूबला शाळेत गणित शिकवायचे. अय्यूब दहावीत होता त्या वर्षी एका सिनेमातलं गाणं आलं होतं. गाणं कुणालाच पूर्ण येत नव्हतं, पण त्याच्या सुरुवातीचा कीबोर्डचा तुकडा सगळ्या जिल्ह्याला चढला होता. टुंग टुंग, टुडुडुंग टुंग. वरातीत बँडवाल्याने यातले पहिले दोन सूर काढायचा अवकाश, नवरदेवाचे काकेमामेसुद्धा एक हात डोक्यावर धरून मधोमध उतरायचे. वर्गात पोरं तो तुकडा बाकांवर कंपासपेटीने वाजवायची आणि राठोड सर लाकडी पट्टी घेऊन यायचे. कोणी वाजवलं, हे ते विचारत नसत. अख्ख्या रांगेला उजवा तळवा पुढे करावा लागे. स्नेहसंमेलनात तो तुकडा सुरू झाला, तेव्हा सरांनी स्वतः स्टेजवर चढून स्पीकरची पिन उपटली होती. त्यामुळे त्या बॅचच्या पोरांना पुढे आयुष्यभर ती चाल कुठेही ऐकू आली, की पाय थिरकायचे आणि तळहात चुरचुरायचा.

बुधवारी दुपारी ही सगळी बॅच सरांच्या घरासमोर उभी होती. आता कुणी बँकेत होतं, कुणाचं कापसाचं जिनिंग होतं, बहुतेकांचे केस गेले होते. बबलू जाधव पांढरा सदरा घालून अय्यूबशेजारीच उभा होता. सरांचं घर बोळाच्या अगदी टोकाला आणि पुढे भिंत, म्हणून स्वर्गरथ आत सरळ आला होता, पण बाहेर निघायचा तो मागे मागेच. सरांना गाडीत ठेवलं. त्यांची मुलगी उज्ज्वला हुंदके देत होती. सरांच्या पत्नी सुखीबाई मात्र दारात डोक्यावर पदर घेऊन गुमान उभ्या होत्या. देवरावने हात जोडले, गाडी सुरू केली आणि रिव्हर्स टाकला.

टुंग टुंग, टुडुडुंग टुंग.

अय्यूबने बबलूकडे पाहिलं. बबलूचा एक हात डोक्यावर गेला होता. तो ध्यानात येताच बबलू त्या हाताने टक्कल खाजवू लागला. पलीकडे जिनिंगवाल्याची टाच उचलली गेली होती आणि ती खाली टेकवायची कशी, हे त्याला सुचत नव्हतं. आणि अय्यूबने स्वतःकडे पाहिलं, तर त्याचा उजवा तळवा सरांच्या दिशेने पुढे झालेला.

देवरावने घाबरून गिअर काढला. बोळात कुणाच्या तरी घरातला कुकर ऐकू आला. देवरावला वाटलं, काहीतरी अडकलं असेल, म्हणून त्याने पुन्हा गिअर टाकला. या वेळी सनई वाजली, नवरी निघतानाची. त्याने तो काढला, तिसऱ्यांदा टाकला, तर एक तान्हं मूल खळखळून हसू लागलं. आता मात्र उज्ज्वलेचे भाऊबंद पुढे सरकले. कुणीतरी देवरावची कॉलर धरायच्या बेताला आला. देवराव खिडकीतून अर्धा बाहेर येऊन म्हणाला, "भाऊ, मी काई नाई केलं. हा हॉर्न अय्यूबभाईनं लावून देल्ला."

सगळ्या माना अय्यूबकडे वळल्या. यापेक्षा सरांची पट्टी परवडली असती, असं त्याला झालं. तो गाडीखाली शिरला आणि खिशातल्या पक्कडीने वायर शोधू लागला. वायर हाती लागली, तेवढ्यात त्याला गाडीशेजारी सुखीबाईंची पावलं दिसली.

"कोन आहे खाली?"

"मी अय्यूब, काकू. माफ करा. आत्ता कापतो."

"कापू नोको," सुखीबाई म्हणाल्या. "ते पयलं काय वाजलं, ते आनखी लाव."

उज्ज्वला रडता रडता थांबून आईकडे वळली. "याडी, काय बोलून राह्यली तू?"

सुखीबाईंनी पदर सारखा केला आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं सांगितलं. सर शाळेतून घरी आले, की आधी कवाड लावून घेत. मग जेवणाचं ताट उपडं करून त्यावर हेच वाजवत आणि स्वैपाकघरात नाचत. बाईंनी एकदा त्यांना विचारलंही होतं, की मग पोरांना कशाला मारता.

"मले म्हने, आपल्यानं ते ऐकून राह्यवल्याच जात नाई. वर्गात पाय उचलला तं उद्या गनित कोन शिकन? म्हनून पैले त्यायचं बंद करतो."

पस्तीस वर्षं ज्या पट्टीचा दरारा बॅचने मनात बाळगला होता, तिचा खुलासा ऐकून बबलू तिथेच पायरीवर बसला. अय्यूब गाडीखालून बाहेर यायचंच विसरला.

देवरावने उतरून त्याला पाय धरून बाहेर ओढलं, मग तो पुन्हा आत बसला आणि गिअर टाकू लागला. कोंबडा आरवला. उज्ज्वला म्हणाली, हे नाही. रेल्वेची शिट्टी झाली. हेही नाही. मग देवळातली घंटा आली, अय्यूबने पसंत केलेली, तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पुढच्या खेपेला टुंग टुंग वाजलं आणि सुखीबाईंनी मान हलवली.

गाडी हळूहळू मागे निघाली. बॅच तिच्या मागेच उभी होती, त्यामुळे सगळ्यांनाच मागे सरकणं भाग होतं. सरांकडे पाठ कशी करायची, म्हणून ते तोंड गाडीकडे ठेवून उलट्या पावलांनी निघाले. दोन पावलं नीट पडली. तिसरं ठेक्यात पडलं. बोळाच्या मध्यावर जिनिंगवाल्याचा हात डोक्यावर गेला, तो त्याने खाली घेतला नाही. बबलू डोळे पुसत होता आणि खांदे उडवत होता. अय्यूबचा तळहात चुरचुरत होता, पण त्याने तो खिशात घातला आणि पाय मोकळे सोडले.

बोळ संपला. गाडी डांबरी रस्त्यावर आली आणि देवरावने रिव्हर्स काढला. सगळे जिथल्या तिथे थांबले, घामाघूम, सदरे बाहेर आलेले. देवरावने खिडकीतून डोकं काढून हळूच विचारलं, आता गाडी सरळ घेऊ काय.

कुणी हो म्हणेना.